बिनपंखी रोव्ह भुंगेरा: एका नव्या प्रजातीच्या वर्णनाच्या नोंदी

१७ जून

आज डोंगराच्या पश्चिम धारेवर पालापाचोळा चाळला. वृक्षरेषा (जिच्या वर झाडे वाढत नाहीत ती उंची) ओलांडून थोडे वर गेले की खुरट्या झुडपांचा पट्टा लागतो आणि तो संपता संपता दगडांची घसरण सुरू होते. त्या सीमेवर झुडपांच्या बुंध्याशी ओल टिकून राहते. बर्फ नुकताच मागे सरकला आहे. त्याच्या कडेजवळची माती अजून बोटे बधिर करण्याइतकी गार. अशाच जागा शोधायच्या असे ठरवून आलो होतो. उंचावरचे बरेचसे रोव्ह भुंगेरे उघड्यावर फारसे दिसत नाहीत. पाचोळ्याचा खालचा, कुजू लागलेला थर आणि रुतलेल्या दगडांखालच्या फटी ही त्यांची राहायची जागा.

वरचा कोरडा थर हाताने बाजूला केला, खालचा ओला थर मुळांच्या जाळ्यापर्यंत खरवडून चाळणीत घेतला. जाळीची भोके साधारण सेंटिमीटरभराची. पाने, काड्या, खडे वर राहतात. बारीक चाळ खालच्या कापडी पिशवीत पडतो, त्यातल्या किड्यांसकट. मूठभर चाळ पांढऱ्या कापडावर पसरला आणि गुडघ्यांवर बसून बघत राहिले. आधी स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बारीक जीव) उडाले, मग कोळी पळाले, मग माइट (कोळ्यांचे चिमुकले नातेवाईक) सरकू लागले. भुंगेरा सर्वांत शेवटी दिसला. तांबूस तपकिरी, साधारण सात मिलिमीटर लांब, सडपातळ, पोटाचे टोक किंचित वर उचलून चालणारा.

भिंगाखाली धरल्यावर नजर थेट पाठीवर गेली. रोव्ह भुंगेऱ्यांचे, म्हणजे स्टॅफिलिनिडी कुळाचे, लक्षणच हे की एलिट्रा (वरचे कडक पंख) आखूड असतात आणि पोटाचा बराच भाग उघडा राहतो. इथे एलिट्रा त्या मानानेही आखूड आहेत. छातीवरच्या ढालीपेक्षा, म्हणजे प्रोनोटमपेक्षा, कमी लांबीचे. खांद्याचा कोपरा जवळपास नाहीच, बाहेरची कडा सरळ मागे रुंदावत जाते. खाली उडायचे पंख असण्याची शक्यता फारच कमी.

वंश बहुतेक लॅथ्रोबियम. खात्री प्रयोगशाळेत.

१९ जून

विंकलर पिशव्या तंबूच्या आत टांगल्या आहेत. काल-परवाचा चाळ जाळीच्या पिशव्यांत भरून कापडी आवरणात लटकवला. चाळ हळूहळू सुकतो, ओल शोधत किडे हलतात आणि खालच्या अल्कोहोलच्या भांड्यात पडतात. वीज लागत नाही, दिवा लागत नाही, म्हणून उंचावर हीच पद्धत सोयीची. बर्लेसे नरसाळ्याला दिव्याची उष्णता लागते, ते खाली प्रयोगशाळेसाठी ठीक.

भांड्यात आज त्याच भुंगेऱ्याचे आणखी नमुने आले. काही ९६ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले, डीएनएसाठी. बाकीचे ७० टक्क्यांत, कारण तीव्र अल्कोहोलमध्ये सांधे ताठ होतात आणि पुढे विच्छेदन करताना पाय आणि शृंगिका (डोक्यावरच्या स्पर्शिका) मोडतात. प्रत्येक कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकली: ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, अधिवास, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. शाईचा भरवसा नाही.

२४ जून

खिंड उतरून पूर्व धारेवर गेलो. खिंड वृक्षरेषेच्या बरीच खाली आहे, दाट जंगलातली. तिथेही चाळले, या भुंगेऱ्याचा मागमूस नाही. पूर्व धारेवर तीच उंची, तसाच झुडपांचा पट्टा आणि तसेच दिसणारे भुंगेरे मिळाले. पण भिंगाखाली पोटाचे शेवटचे खंड पाहिले तर सगळ्या माद्या. दुपारभर तीन-चार जागा बदलून चाळले. नर नाही.

ही गोष्ट पुढे जड जाणार आहे. या वंशात प्रजाती ओळखायची तर नर हवा.

८ जुलै

प्रयोगशाळेत आलो. नमुने धुऊन, वेगळे करून झाले.

वंश पक्का: लॅथ्रोबियम, उपकुळ पेडेरिनी. ग्राफेनहोर्स्टने १८०२ मध्ये स्थापलेला वंश, आणि त्याच वर्षी लात्रेयने स्टॅफिलिनिडी हे कुळ मांडले. आज या कुळात ६०,००० हून अधिक प्रजातींची वर्णने झालेली आहेत. भुंगेऱ्यांच्या कुळांत एवढे मोठे दुसरे नाही. तरीही डोंगराळ भागातून दरवर्षी नव्या प्रजाती येत राहतात, आणि त्यांत बिनपंखी लॅथ्रोबियमचा वाटा मोठा आहे. चीन, जपान, हिमालय, जिथे कोणी नेटाने पाचोळा चाळला तिथे एकेका डोंगररांगेची आपली वेगळी प्रजाती निघाली.

एका नमुन्याचा एलिट्रा सुईने अलगद उचलून पाहिला. खाली पंखाच्या जागी चिमुकली पाकळी, काही कामाची नाही. मग पोटाचा सातवा पाठपट्ट (पाठीकडची कडक पट्टी) तपासला. उडू शकणाऱ्या रोव्ह भुंगेऱ्यांत या पट्टाच्या मागच्या कडेला पांढुरकी, अतिशय बारीक झालर असते. पंखांची घडी घालताना भुंगेरा पोटाचा वापर करतो, त्या कामाशी ही झालर जोडलेली आहे. ही घडी स्वतःच थक्क करणारी आहे: २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने दाखवले की डाव्या आणि उजव्या पंखाच्या घड्या एकसारख्या नसतात, भुंगेरा दोन्ही वेगवेगळ्या रीतीने मोडून आखूड एलिट्राखाली बसवतो. आमच्या नमुन्यांत ती झालर नाही. एकाही नमुन्यात नाही, पूर्व धारेच्या माद्यांतही नाही. पंख गेले आणि त्यांच्याबरोबर पंखांची सेवा करणारी यंत्रणाही गेली.

पंख का जातात यावर डार्विनने मदीरा बेटाचे उदाहरण दिले होते. तिथल्या तेव्हा ज्ञात भुंगेऱ्यांच्या ५५० प्रजातींपैकी २०० उडू न शकणाऱ्या; वाऱ्याने उडणारे समुद्रात जातात, न उडणारे टिकतात, असा त्याचा तर्क. डोंगरमाथ्यावर वारा असतोच, पण पाचोळ्याच्या तळाशी राहणाऱ्याला तो फारसा लागत नाही. मला दुसरे कारण जास्त पटते. पंख आणि उडण्याचे स्नायू वाढवायला आणि सांभाळायला खर्च येतो. अधिवास हजारो वर्षे जागच्या जागी राहिला, दुसरीकडे जाण्याची गरज उरली नाही, तर तो खर्च अंड्यांकडे वळवणाऱ्या माद्यांची पिढी पुढे जाते. त्याची किंमत अशी की मग खालची खिंड ओलांडता येत नाही. हवामान उबदार झाले की जंगल वर चढते, थंड पट्टा माथ्याकडे आकसतो आणि भुंगेरा माथ्यावर अडकतो. दोन धारांवरचे दोन समूह एकमेकांना भेटायचे थांबतात.

म्हणून पूर्व धारेच्या माद्यांचा प्रश्न मला सोडत नाही.

१५ जुलै

पहिल्या नराचे विच्छेदन.

नमुना कोमट पाण्यात मऊ केला. दोन बारीक चिमट्यांनी पोटाचे शेवटचे खंड वेगळे केले. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवले होते. स्नायू आणि चरबी विरघळली, कवचाचे कायटिन तेवढे उरले. पाण्यात धुऊन ग्लिसरिनच्या थेंबात घेतले आणि एडीगस, म्हणजे नराचा जननावयव, सुईने फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिला.

सहकारी शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर होती. तिला बोलावले. ती डोळा लावून बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अगं, टोक उजवीकडे वळलंय. आणि आतला काटा बघितलास का? दुभागलाय."

एडीगसचा पोटाकडचा फाटा या वंशात पुष्कळदा असममित असतो, त्यात नवल नाही. पण इथे तो मधोमध जाड होऊन मग एकदम निमुळता होतो आणि टोकाशी उजवीकडे वळतो; आतल्या पिशवीतला मोठा काटा टोकाला दोन फाट्यांचा. असे चित्र मी पाहिलेल्या कुठल्याही वर्णनात नाही.

पोटाखालचे पट्टही तितकेच बोलके. सातव्या पोटपट्टाच्या मागच्या कडेला उथळ खोलगा, त्यात काळ्या, आखूड, जाड केसांचा पुंजका. आठव्याला मध्यापासून किंचित डावीकडे सरकलेली खाच आणि तिच्या दोन्ही बाजूंना खुंटीसारखे केस, डावीकडे दाट, उजवीकडे विरळ. या केसांची जागा आणि दाटी हीच दोन जवळच्या प्रजातींत फरक करणारी खूण ठरते, म्हणून एका नरावर विसंबायचे नाही. पश्चिम धारेचे सगळे नर असेच उघडायचे.

२१ जुलै

सगळे नर उघडले. टोकाचे वळण उजवीकडेच. दुभागलेला काटा सर्वांत. खाचेचे सरकणे थोडे कमी-जास्त, पण दिशा कायम.

२ ऑगस्ट

मोजमापे. सूक्ष्मदर्शकातली मोजपट्टी आधी काचेवरच्या प्रमाण मोजपट्टीशी जुळवून घेतली, प्रत्येक विशालनासाठी वेगळी.

एकूण लांबीचा आकडा द्यावा लागतो, पण त्यावर माझा विश्वास नाही. रोव्ह भुंगेऱ्याचे पोट दुर्बिणीच्या नळ्यांसारखे एकमेकांत सरकणारे असते. अल्कोहोलमध्ये ते ताणले जाते, वाळताना आकसते. तोच नमुना आज सात मिलिमीटर तर महिन्याने साडेसहा. म्हणून शरीराच्या पुढच्या भागाची लांबी वेगळी घेतली: तोंडाच्या पुढच्या कडेपासून एलिट्राच्या मागच्या टोकापर्यंत. हा भाग कडक आहे, हलत नाही. याशिवाय डोक्याची लांबी-रुंदी, शृंगिकेची लांबी, प्रोनोटमची लांबी-रुंदी, एलिट्राची लांबी-रुंदी, मागच्या पायाच्या नडगीची लांबी, एडीगसची लांबी.

गुणोत्तरे जास्त उपयोगी पडतात. एलिट्राची लांबी भागिले प्रोनोटमची लांबी हा आकडा प्रत्येक नमुन्यात एकपेक्षा स्पष्ट कमी. डोळ्याची लांबी भागिले डोळ्यामागच्या डोक्याच्या भागाची लांबी, तीही कमी: डोळे लहान आहेत. अंधारात राहणाऱ्याला मोठे डोळे नकोत. पण गुहेतल्या किंवा खोल मातीतल्या प्रजातींत ते ठिपक्याएवढे उरतात, तितके इथे गेलेले नाहीत.

पूर्व धारेच्या माद्यांचे आकडे पश्चिमेच्या माद्यांच्या पट्ट्यातच पडतात. मोजपट्टी दोघींत फरक करत नाही.

२० ऑगस्ट

आता खरा जिकिरीचा भाग. हा भुंगेरा नवा आहे असे म्हणायचे, तर आतापर्यंत वर्णन झालेला कुठलाही भुंगेरा हा नव्हे हे दाखवायला हवे. प्राणिनामकरण लिनेअसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, १ जानेवारी १७५८ पासून मोजले जाते, आणि त्यानंतर वैधपणे दिलेले प्रत्येक नाव आजही हिशेबात आहे, मग ते कितीही विसरलेले असो.

आधुनिक वर्णनांत एडीगसची चित्रे असतात, ती लगेच बाजूला काढता येतात. अडचण जुन्यांची. चार ओळींचे लॅटिन वर्णन: तांबूस, चमकदार, डोके चौकोनी, एलिट्रा आखूड. आमच्या भुंगेऱ्याला ते लागू पडते आणि आणखी पन्नास प्रजातींनाही. अशा नावाचा उलगडा एकाच ठिकाणी होतो, मूळ प्रकार-नमुन्यात, म्हणजे ज्यावरून ते नाव दिले त्या नमुन्यात. ऑस्ट्रियातला माक्स बर्नहाउअर पेशाने नोटरी, पण त्याने रोव्ह भुंगेऱ्यांच्या हजारो प्रजातींना नावे दिली. त्याचा संग्रह शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. त्या काळच्या कितीतरी नावांचा निकाल शेवटी अशा एखाद्या संग्रहातल्या टाचणीवर लागतो.

उलटही घडते. नमुना संग्रहात असतो आणि नाव नसते. डार्विनने १८३२ मध्ये अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथे गोळा केलेला एक रोव्ह भुंगेरा लंडनच्या संग्रहात हरवल्यासारखा पडून होता. त्याचे वर्णन २०१४ मध्ये झाले, आणि नवा वंश करून त्याला डार्विनिलस सेडारिसी हे नाव मिळाले. टाचणीला लावलेली चिठ्ठी शाबूत होती म्हणून हे जमले. प्रत्येक कुपीत चिठ्ठी टाकताना मला ही गोष्ट आठवते.

तीन जुनी नावे अशी राहिली आहेत की ज्यांचा निकाल वर्णन वाचून लागत नाही. तिन्हींच्या प्रकार-नमुन्यांची छायाचित्रे मागवली, एकाचा नमुना उसना मागितला.

१४ सप्टेंबर

दोन नावे छायाचित्रांवरूनच बाद. एकीचे एलिट्रा लांब, खांदे उंच, झालर दिसते, उडणारी प्रजाती. दुसरीच्या डोक्यावरचे खळगे फार विरळ.

तिसरीचा नमुना आज आला. जुन्या कार्डावर गोंदाने चिकटवलेला, नर, पण एडीगस कधी काढलेलाच नाही. संग्रहालयाने विच्छेदनाची लेखी परवानगी दिली आहे. एवढ्या जुन्या नमुन्याला हात लावताना घाई परवडत नाही. ओल्या हवेच्या डबीत ठेवून गोंद आणि सांधे सैल करून घेते आहे.

१७ सप्टेंबर

काढला. फाटा सरळ, टोक बोथट, आतला काटा एकच. आमचा नव्हे.

त्या नमुन्याचा एडीगस आता कार्डावर पारदर्शक माध्यमात बसवून त्याच टाचणीला लावला, चित्रही काढून ठेवले. पुढच्या माणसाला हा प्रश्न पुन्हा सोडवावा लागणार नाही. हे काम आमच्या शोधनिबंधात दोन ओळींचे होईल, पण मला ते नव्या प्रजातीइतकेच मोलाचे वाटते.

६ ऑक्टोबर

डीएनए. पूर्ण नमुना प्रोटीनेज-के या विकरात ५६ अंशांवर रात्रभर ठेवतो. आतले मऊ ऊतक विरघळून द्रावणात उतरते, कायटिनचा सांगाडा जसाच्या तसा राहतो. डीएनए मिळतो आणि एडीगसही साफ होऊन मिळतो. नमुना वाया जात नाही. नंतर तो धुऊन कार्डावर लावला, डीएनएचा क्रमांक त्याच टाचणीवर.

प्रजाती ओळखायला वापरतात तो सीओआय जनुकाचा ६५८ बेस-जोड्यांचा नेहमीचा तुकडा वाढवला, फोल्मर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या प्रायमरांनी (हवा तो तुकडा पकडणाऱ्या छोट्या डीएनए-धाग्यांनी). सोबत केंद्रकातला २८एस जनुक. सीओआय माइटोकॉन्ड्रियात असतो, फक्त आईकडून येतो, आणि व्होलबाकियासारखे जिवाणू त्याच्या वंशावळीत गोंधळ घालू शकतात. एकट्या त्याच्यावर निर्णय घ्यायचा नाही हे आधीच ठरवले होते.

२८ ऑक्टोबर

डीएनए-क्रम हातात आले. पश्चिम धारेचे नमुने आपसात जवळजवळ एकसारखे. पूर्व धारेच्या माद्या सीओआयमध्ये ठळकपणे वेगळ्या फांदीवर, २८एसमध्ये मात्र फरक नाही.

आज यावर बरीच चर्चा झाली. सहकाऱ्यांपैकी एकाचे म्हणणे, एवढा फरक पुरेसा आहे, दोन प्रजाती करा. भुंगेऱ्यांत सीओआयमधल्या दोन-तीन टक्के फरकाची रेघ वापरली जाते हे खरे. पण ती रेघ ठोकताळा आहे. न उडणाऱ्या, माथ्यावर अडकलेल्या समूहांत एकाच प्रजातीच्या आतही सीओआय खूप दूर जातो, कारण एकेका धारेवरच्या माद्यांची वंशावळ हजारो वर्षे बाहेरच्यात मिसळत नाही. २८एस हळू बदलतो. तो गप्प आहे याचा अर्थ फरक नाही असा होत नाही आणि आहे असाही होत नाही.

दुसरी बाजू: मग पूर्वेकडच्या माद्या याच प्रजातीत घालून पॅराटाइप (मुख्य नमुन्यासोबत वर्णनात नोंदवलेले इतर नमुने) करायच्या का? माझे मत ठामपणे 'नको' असे आहे. पॅराटाइपच्या यादीत उद्या दुसरी प्रजाती निघाली, तर प्रजातीच्या व्याख्येतच भेसळ झालेली असेल आणि ती निस्तरायला पुढच्या संशोधकाचे आयुष्य खर्ची पडेल. त्या माद्यांचा उल्लेख वेगळ्या परिच्छेदात करायचा, ठिकाण आणि क्रम द्यायचे, प्रकार-मालिकेत घ्यायच्या नाहीत. व्याख्या पश्चिम धारेच्या नमुन्यांवरच. सगळ्यांनी मान्य केले.

११ नोव्हेंबर

छायाचित्रे. एवढ्या लहान गोष्टीची एका चित्रात सगळी खोली स्पष्ट येत नाही, म्हणून फोकस सूतासूताने खाली सरकवत डझनावारी चित्रे घेऊन संगणकावर एकत्र करायची. प्रकाश चारी बाजूंनी पातळ कागदातून गाळून घेतला, नाहीतर चकचकीत पाठीवर पांढरे डाग पडतात आणि खळगे दिसत नाहीत.

एडीगस मात्र हाताने काढते आहे, सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरेखन-नळीतून. छायाचित्रात पारदर्शक पडदे एकमेकांवर येतात; रेघ ओढताना कुठली कडा वर आणि कुठली खाली हे ठरवावेच लागते. ते ठरवण्यात कळते की आपल्याला तो अवयव खरोखर समजला आहे की नाही. बाजूने आणि पोटाकडून अशी दोन चित्रे. टोकाच्या वळणाला सर्वाधिक वेळ लागला.

३ डिसेंबर

होलोटाइप, म्हणजे नाव ज्या एका नमुन्याला बांधले जाते तो, निवडला. नर, दोन्ही शृंगिका पूर्ण, सगळे पाय शाबूत, रंग पक्का झालेला. नुकत्याच कात टाकलेल्या भुंगेऱ्याचा रंग फिका असतो, तो वर्णनाला चालत नाही. एडीगस आणि शेवटचे पट्ट त्याच टाचणीवरच्या वेगळ्या कार्डावर. लाल चिठ्ठी लावली, पॅराटाइपना पिवळी. रंगाची अट प्राणिनामकरण संहितेत नाही, संग्रहालयांची रूढ पद्धत आहे, पण हजारो टाचण्यांच्या पेटीत लाल चिठ्ठी लांबून दिसते.

या संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे नव्या प्रजातीसाठी होलोटाइप (किंवा त्याऐवजी सिंटाइप, म्हणजे समान दर्जाचे अनेक नमुने) स्पष्ट नेमावा लागतो, तो कुठल्या संग्रहात ठेवणार ते लिहावे लागते, आणि इतरांपासून वेगळे करणारी लक्षणे शब्दांत द्यावी लागतात. नुसते चित्र किंवा नुसता डीएनए-क्रम देऊन भागत नाही.

नाव ठरले आहे. इथे लिहीत नाही. रीतसर प्रसिद्धीआधी नाव फिरू लागले तर वर्णनाशिवायचे पोकळ नाव साहित्यात शिरते. एवढेच सांगते की ते डोंगरावरून घेतलेले विशेषण आहे आणि लॅथ्रोबियम नपुंसकलिंगी असल्याने शेवट त्याप्रमाणे जुळवला. याच वंशात हे नाव आधी कोणी वापरलेले नाही हे तपासले, जुन्या समानार्थी नावांसकट.

१८ डिसेंबर

वर्णन लिहिते आहे. ठरावीक क्रम: डोके, शृंगिका, प्रोनोटम, एलिट्रा, पाय, पोट, नराची लक्षणे, मादीची लक्षणे. अकरा खंडांची शृंगिका, प्रत्येक खंडाची लांबी रुंदीच्या तुलनेत. प्रोनोटमवर मधोमध गुळगुळीत पट्टा, दोन्ही बाजूंना खळगे. डोक्यावर खळगे कडेला दाट, मध्यावर विरळ, आणि त्यांच्यामध्ये बारीक जाळीदार नक्षी, जी फक्त तिरक्या प्रकाशात दिसते. एलिट्रावरचे खळगे उथळ, रांगेत नाहीत.

निदान, म्हणजे ओळखीच्या लक्षणांचा भाग, मात्र छोटे ठेवले. वाचणाऱ्याला सगळे वर्णन पाठ करायचे नसते, हातातला भुंगेरा हाच का ते बघायचे असते. त्याला तीन गोष्टी दिल्या: आठव्या पट्टावरची डावीकडे सरकलेली खाच, एडीगसचे उजवे वळण, दुभागलेला काटा.

अधिवासाच्या परिच्छेदावर भांडून जागा मिळवली. उंचीचा पट्टा, झुडपांची दाटी, पाचोळ्याची खोली, मातीची ओल, बर्फाच्या कडेपासूनचे अंतर. पुष्कळ वर्णनांत "पाचोळ्यात मिळाला" एवढेच असते. हा भुंगेरा उडत नाही, त्याला दुसरीकडे जाता येत नाही. त्याचा पट्टा किती अरुंद आहे हे आज लिहिले नाही तर वीस वर्षांनी तो वर सरकला की आटला हे कोणाला सांगता येणार नाही.

१८ जानेवारी

हस्तलिखित पाठवले. डीएनए-क्रम जेनबँक या सार्वजनिक क्रमसंग्रहात जमा.

२६ मार्च

दोन्ही परीक्षकांची मते आली. पहिल्याने दूरच्या एका रांगेतल्या प्रजातीशी तुलना मागितली, तिचाही फाटा उजवीकडे वळलेला आहे. मागणी रास्त. तिथे काटा दुभागलेला नाही आणि आठव्या पट्टाची खाच मधोमध आहे. तुलनेचा परिच्छेद आणि शेजारी-शेजारी चित्र घातले.

दुसऱ्याने विचारले की पूर्व धारेचा समूह वेगळी प्रजाती म्हणून का दिला नाही, क्रम तर बोलतो आहे. उत्तरात तेच लिहिले जे ऑक्टोबरात ठरले होते: नर हाती नाही, केंद्रकातला पुरावा नाही, आणि ज्या लक्षणांवर आम्ही ही प्रजाती उभी केली त्यांपैकी एकही लक्षण त्या माद्यांत तपासता येत नाही. नाव घाईने दिले तर मागे घेता येत नाही, ते कायम साहित्यात राहते. संपादकांनी मान्य केले.

१० एप्रिल

अंतिम मुद्रिते तपासली. झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीतला नोंदणी क्रमांक शोधनिबंधात आहे, प्रसिद्धीची तारीखही. संहितेच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक प्रसिद्धी चालते, पण नोंदणी आणि तारीख शोधनिबंधातच छापलेली हवी; एक अंक चुकला तरी पुढे गोंधळ होतो, म्हणून दोघींनी वेगवेगळा वाचला. होलोटाइप संग्रहालयाच्या ताब्यात दिला, पावती फाइलीत. पॅराटाइप तीन संग्रहांत वाटले, म्हणजे एका ठिकाणी आग किंवा कीड लागली तरी सगळे जाणार नाही.

पूर्व धारेसाठी संकलनाचा परवाना अर्ज आज दाखल केला. या वेळी दोन फेऱ्या मागितल्या आहेत, बर्फ वितळताना एक आणि शरदातल्या पहिल्या बर्फाआधी एक, कारण नर वर्षाच्या वेगळ्या काळात वर येत असण्याची शक्यता आहे. चाळणीसोबत जमिनीत पुरायचे सापळेही न्यायचे. खिंडीतल्या जंगलातही पुन्हा चाळायचे आहे, जास्त खोल. तिथे तो खरोखर नसेल तर दोन धारा किती काळ तुटलेल्या आहेत या प्रश्नाला हात घालता येईल.